पंचम कोणी घासला

बायकोच्या भजनी मंडळाच्या पेटीचा एक सूर मी कानशीनं घासला. चुकीच्या जागी घासला, आणि एकदा घासून फरक पडेना म्हणून पुन्हा घासला.

पेटी म्हणजे हार्मोनियम. यवतमाळकडच्या बोरी अरबपासून पायी तासाभरावर आमचं गाव आहे आणि गावात बारा बायांचं भजनी मंडळ आहे. खंजिरी, टाळ आणि पेटी, एवढा सरंजाम. पेटी वाजवायला पूर्वी शेजारच्या गावचे मास्तर यायचे. पंचक्रोशीतल्या सगळ्या मंडळांना तेच वाजवायचे, आणि स्वतःची पेटी स्वतःच घेऊन यायचे. मधोमध तेच बसायचे. बाया त्यांच्या दोन्ही बाजूंना. दोन वर्षांपूर्वी बायांनी बचत गटातून स्वतःची पेटी घेतली आणि ती शिकायचं माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. मास्तरांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "वाजवान वो बाई, बोटं काय कोनाचीबी फिरतेत. पेटी सांभायनं बायांच्यानं होत नाई."

ती शिकली. दुपारी भांडी झाली की एकेक बोट ठेवून, फोनवर बघून, चुकत, पुन्हा मागे येत शिकली. पण शिकली ती फक्त काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. बायांचे आवाज त्याच पट्टीत बसतात, म्हणून तिची बोटंही तिथंच बसली. दुसऱ्या पट्टीत वाजव म्हटलं की तीच बोटं परक्या घरात अंधारात चाचपडावं तशी चाचपडतात. काळी चारला सा धरला की पंचम येतो वरच्या सप्तकातल्या काळी दोनवर, आणि भजनात सा आणि पंचम म्हणजे विहीर आणि घर. दिवसभर खेपा तेवढ्याच.

तर त्या दिवशी ती कणीक मळता मळता म्हणाली, "पंचम जराकसा उतरला वाट्टे." तिनं ते मला सांगितलंच नव्हतं खरं म्हणजे. कणकेला सांगितलं होतं. पण माझ्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी ती कापूस वेचायला वावरात गेली आणि मी घरी होतो. ती वावरात आणि मी घरी का, हा प्रश्न वाचणाऱ्यांनी विचारू नये. आमच्या घरी तो रोज विचारला जातो.

मी फोनवर पेटीदुरुस्तीचं एक चित्रण लावलं. त्यातला माणूस पेटी उघडतो, आत पितळेच्या बारीक बारीक जिभा दाखवतो, आणि म्हणतो की ही जीभ कानशीनं हलकेच घासली की सूर बदलतो. एवढं कळल्यावर मी ते बंद केलं. माझा स्वभावच तसा आहे. अर्धं कळलं की उरलेलं अर्धं मी मनानं भरतो. पुढच्या अर्ध्यात, हे मला नंतर कळलं, तो माणूस सांगत होता की टोकाला घासली तर सूर चढतो आणि बुडाशी घासली तर उतरतो. मी बुडाशी घासली. हातात तिथं नीट धरता येत होती म्हणून.

संध्याकाळी ती पेटीवर बसली. सा लावला. पंचमावर बोट ठेवलं आणि पाण्यात तोंड बुडवून म्हशीनं रेकावं तसा आवाज आला. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा म्हैस.

"काल तं जराकसा होता," ती म्हणाली. "एका दिवसात एवढा?"

मी म्हटलं, थंडी पडून राह्यली ना. पितळ आखडते.

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की क्षणभर मलाही पटलं.

आठ दिवसांवर भजन स्पर्धा होती. महिला मंडळांची, शेजारच्याच गावात. आमच्या बायांची स्वतःच्या पेटीवर, स्वतःच्या बाईच्या हातानं ही पहिलीच स्पर्धा. यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला पंधरा दिवस ठेवावी लागेल. मास्तरांची पेटी मागून बघितली तर त्यांनी निरोप पाठवला की माझी पेटी माझ्यासंगच येते. बायांची ओसरीवर बैठक झाली आणि ठरलं, गुरुवारपर्यंत पंचम नीट झाला तर ठीक, नाही तर मास्तरांना बोलवायचं.  बायको पेटीवरचं फडकं चार घड्या करून, उलगडून पुन्हा चार घड्या करत बसली होती. मास्तर आले म्हणजे ती टाळ धरून कडेला बसणार, आणि एकदा कडेला बसलेली बाई पुन्हा मधे येत नाही, हे ओसरीवरच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. त्याऐवजी मी फोन काढला.

शोधता शोधता एक जागा सापडली. वाद्यं वाजवणारे आणि दुरुस्त करणारे लोक तिथं एकमेकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं देतात. कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी बंगालीत. खाली बोट ठेवलं की आपल्या भाषेत दिसतं. मी नाव नोंदवलं आणि प्रश्न लिहायला बसलो.

आता आमच्याकडची रीत अशी की कोणाच्या दारात काम घेऊन गेलं तर कामाची गोष्ट शेवटी काढायची. आधी रामराम, मग जेवण झालं का, मग पाणीपाऊस, मग पोरंबाळं, आणि उठता उठता, चपलेत पाय घालता घालता, "बरं एक काम होतं." सरळ काम बोलणाऱ्याला आम्ही तुसडा म्हणतो. तेव्हा मी प्रश्नाच्या वर मथळा दिला, "तातडीनं मदत पाहिजे", आणि खाली लिहिलं: सर्व वाद्यप्रेमी बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल. सोयाबीन यंदा बरं झालं, कापसाचं सांगता येत नाही. आमचं गाव लहान आहे पण देवभोळं आहे. मग मंडळाची हकीकत, पत्नी वाजवते वगैरे. सगळ्यात शेवटी, चपलेत पाय घालता घालता: पेटीचा एक सूर आपोआप उतरला आहे, उपाय सांगावा.

आपोआप.

तासाभरानं बघतो तर माझा प्रश्न कापलेला; तिथं दुसऱ्याचं लिहिलेलंही कोणी सुधारू शकतं. नमस्कार नाही, सोयाबीन नाही, देवभोळं गाव नाही. मथळाही दुसरा: "हार्मोनियम: वरच्या सप्तकातला एकच सूर अचानक उतरला". खाली चार ओळी. माझं रक्त उसळलं. परक्या माणसानं येऊन माझा रामराम पुसावा? मी नमस्कार पुन्हा घातला. तो पुन्हा निघाला. मी पुन्हा घातला, आणि ह्या खेपेला सोयाबीनसुद्धा.

मग एक टीप आली. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नावाच्या जागी जुन्या कात्रीचा फोटो होता. बाई की बुवा तेही कळायला मार्ग नव्हता. टीप अशी: "तुमचा नमस्कार मला पोचला, माझाही घ्या. पण हा प्रश्न फक्त आपल्या दोघांत राहणार नाही. पाच वर्षांनी कोणाचा तरी सूर असाच उतरेल आणि तो शोधत इथं येईल. त्याला तुमचं सोयाबीन लागणार नाही, तुमचा पंचम लागेल. म्हणून पंचम वर आणला."

मी ते दोनदा वाचलं. माझ्या आयुष्यात मी जे काही बोललो ते समोरचा उठून गेला की संपलं. पारावर बोललो, वाऱ्यावर गेलं. इथं कोणीतरी पाच वर्षांनंतरच्या, अजून अडचणीतही न सापडलेल्या माणसासाठी जागा झाडून ठेवत होतं. सोयाबीन मी स्वतःच्या हातानं काढलं.

पण रीत एका दिवसात अंगातून जात नाही. एकानं उत्तर दिलं की जिभेखाली कचरा अडकला असेल, पातळ कागद फिरवून बघा. मी फिरवला. अर्थातच काही झालं नाही, कारण कचरा पेटीत नव्हता. ते कळवायला म्हणून मी खालच्या रकान्यात लिहिलं, "धन्यवाद, पण नाही झालं." तो रकाना उत्तरांचा होता. म्हणजे माझ्याच प्रश्नाला मीच उत्तर दिलं होतं, धन्यवाद पण नाही झालं. त्यावर लोकांनी नापसंतीचे, खाली तोंड केलेले बाण मारले आणि तिथले माझे गुण उणे झाले. शाळेत माझे गुण अनेकदा शून्यावर आले, पण शून्याच्या खाली न्यायची सोय आमच्या गुरुजींकडे नव्हती.

गुण भरून काढावेत म्हणून मी दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला निघालो. आमच्या गावात रस्ता विचारणाऱ्याला "माहीत नाही" म्हणायची पद्धत नाही. ते वाईट दिसतं. केळापूरला जाणाऱ्याला आम्ही पुसदच्या रस्त्याला लावून देऊ, पण रिकाम्या हातानं पाठवणार नाही. तर एकानं विचारलं होतं की माझ्या तबल्यावरची काळी शाई का सुटते? मी लिहिलं, उंदीर. खाली कात्रीचा फोटो आला आणि एकच वाक्य: "हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे का?" मी पाहिलं नव्हतं. तबलासुद्धा जवळून पाहिला नव्हता. ते उत्तर मी गुपचूप पुसलं आणि बराच वेळ कोणालाही काही सांगितलं नाही. घरच्यांना वाटलं, ताप आला.

माझ्या प्रश्नाखाली मात्र कात्री चिकाटीनं विचारत होती. किती उतरला? एकच का शेजारचेही? काय काय करून बघितलं? मी लिहिलं, काहीच केलं नाही. मग तिनं सांगितलं, सगळ्या पट्ट्या खालून वरपर्यंत एकेक वाजवून रेकॉर्डिंग टाका, रोजचा वाजवणाराच बसवा.

मंगळवारी बायको बसली. स्वयंपाकघराच्या दाराशी पेटी, मी फोन धरून समोर. तिनं एकेक पट्टी दाबली. मधेच कुकरची शिटी झाली. म्हैस आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मी ते टाकलं आणि बायांना म्हटलं, आता बघा, दुनियाभरातले जाणकार आपली पेटी ऐकून राह्यले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाला सगळ्या जमल्या असताना फोन वाजला. कात्रीचं उत्तर. मी आधी स्वतः वाचायला पाहिजे होतं. पण बारा बाया समोर, उजेड चांगला, आणि प्रथमच ओसरीवर मला कोणीतरी विचारत होतं की काय म्हनतेत ते लोक. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

"रेकॉर्डिंग चांगलं आहे. मधली शिटी कुकरची, ती सोडली. वापरानं किंवा हवेनं सूर उतरतो तो केसभर. हा जवळजवळ अर्धा सूर उतरला आहे, आणि एकटाच. आजूबाजूचे जागेवर आहेत. हे थंडीचं काम नाही, कानशीचं आहे. जीभ बुडाशी घासली गेली आहे. कोणी घासली ते विचारून घ्या, आणि किती वेळा तेही, कारण पुढचा उपाय त्यावर..."

तिथं माझा आवाज उतरला. अर्ध्या सुराहून जास्तच. बारा बाया एकदम गप्प झाल्या. आमच्या गावात असं फक्त लाइट गेल्यावर होतं.

खाली आणखी एक परिच्छेद होता. मी थांबलो असं बघून बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तो तिनं वाचला. हळू, एकेक शब्द लावत.

"तुम्ही विचारलेलं नाही, पण ऐकू आलं म्हणून सांगणं भाग आहे. एवढ्या पट्ट्यांना भाता पाच-सहा वेळा मारून पुरायला हवा. ह्या बाईंनी अकरा वेळा मारला. भात्यातून हवा जाते आहे, बहुतेक घडीवरचं कातडं विरलं आहे. भाता मारणारा त्यांचा डावा खांदा बऱ्याच दिवसांपासून दुखत असणार. तो त्यांचा दोष नाही, पेटीचा आहे."

वाचून तिनं फोन मांडीवर ठेवला आणि तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

दिवाळीच्या आधीपासून तो खांदा दुखत होता. मलम मीच आणून दिलं होतं. मी म्हणायचो कापूस वेचून दुखते, आणि तीही तसंच म्हणायची. दोन्ही हातांनी वेचणाऱ्या बाईचा एकच खांदा का दुखावा, हे तिच्याशेजारी पंचवीस वर्षं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. कुठल्या गावात, कुठल्या घरात बसलेल्या माणसानं कुकरच्या शिटीमागून, फोनच्या एवढ्याशा भोकातून, तिचा खांदा ऐकला होता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा. खरं सांगायचं तर देवळात इतक्यात आला नव्हता.

"कोनी घासला?" बायकोनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

"मी."

"किती खेपा?"

"दोन."

मला वाटलं आता बारा तोंडांनी उद्धार होईल. तिनं फक्त फोन माझ्याकडे परत केला.

"मंग तिथं लिहा नं ते. मले काय सांगून राह्यले? उपाय मी थोडीच सांगनार हाये."

मी लिहिलं. प्रश्नातला "आपोआप" खोडला आणि त्या जागी: मीच घासला, बुडाशी, दोनदा, अर्धं बघून. टाकलं आणि फोन उपडा ठेवला. सगळ्या जगासमोर गाढव ठरायची मला सवय नव्हती. मी आतापर्यंत फक्त तालुक्यापुरता होतो.

फोन सुलटा केला तेव्हा कोणीही हसलेलं नव्हतं. एकानं लिहिलं होतं, मी तीनदा घासला होता आणि जीभ तुटून हातात आली. दुसरा, वडिलांच्या पेटीचा मी एक नाही, चार सूर घासले, वडील महिनाभर बोलले नाहीत. एका बाईंनी लिहिलं की आम्ही शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी एक टाकाऊ जीभ मुद्दाम चुकीच्या बाजूनं घासायला देतो, म्हणजे हाताला कायमचं कळतं. मी ज्या खड्ड्यात पडलो होतो त्यात माझ्याआधी केवढी माणसं पडून, वर येऊन, कपडे झटकून गेली होती. आणि माझे उणे गुण, ह्या कबुलीनंतर, शून्याच्या वर आले. खोटं बोलून जे साधलं नाही ते.

मग कात्रीनं उपाय लिहिला. कानस लांब ठेवा. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून तिला आधार द्या, आणि दाढीच्या पात्याच्या कोपऱ्यानं टोकाशी दोन ओरखडे. दोनच. पेटी बंद करा, ऐका. खालच्या सप्तकातली काळी दोन आणि ही एकत्र दाबा. मधे थरथर ऐकू येईल. सूर जवळ येईल तशी ती मंद होईल. पुन्हा दोन ओरखडे. घाई करू नका, जीभ दोन्हीकडून पातळ होणार आहे, तुटली तर नवीनच आणावी लागेल. आणि शेवटी: "भात्याच्या कातड्याचं मला माहीत नाही. ते जाणणारा कोणी सांगेल."

मला माहीत नाही! कुकरच्या शिटीमागून खांदा ऐकणारा माणूस, चारचौघांत, लेखी, सांगत होता की मला माहीत नाही. हे वाक्य आमच्या पारावर मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते वाचून त्याच्या आधीच्या सगळ्या वाक्यांवर माझा दुप्पट विश्वास बसला.

कातड्याचंही उत्तर मिळालं. कोणीतरी दाखवून दिलं की हा प्रश्न इथं पूर्वीच विचारला गेला आहे. उघडून बघितलं. कितीतरी वर्षांपूर्वीचा प्रश्न, त्याखाली एकाचं सविस्तर उत्तर: मेंढीचं पातळ कातडं, कुठला गोंद, घडीच्या आतून कसं चिकटवायचं, किती वेळ दाबून ठेवायचं. उत्तर देणारा त्यानंतर तिथं फिरकल्याची खूण नव्हती. असेल कुठं, किंवा नसेलही. पण त्याचं उत्तर दिवा लावून बसलं होतं. माझा प्रश्न विचारण्याआधी मी दोन मिनिटं शोधलं असतं तर जिभेचाही जुना प्रश्न सापडला असता, हेही तेव्हाच दिसलं. पाहुणा येऊन दार ठोठावतो आणि दार उघडंच असतं, तसं.

तोपर्यंत बुधवार संपत आला होता. मास्तरांना फोन करायचा तो उद्या. सकाळीच मी बोरी अरबला गेलो. तिथं ढोलकी आणि डफ मढवणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्यापुढे सगळं सांगितलं. म्हणजे ह्या खेपेला पहिल्याच वाक्यात सांगितलं, की मी चुकीचं घासलं आणि मेंढीचं पातळ कातडं पाहिजे. चाचांनी माझे हात पालथे करून बघितले.

"हाथ कू खाज आई थी क्या भाऊ?"

मग मी त्यांना ते जुनं उत्तर वाचून दाखवलं. ते कातडं चाचपत ऐकत होते. गोंदाचं आलं तेव्हा मान हलवली, दाबून ठेवण्याचं आलं तेव्हा हात थांबला. कोण आहे हा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. कुठला? माहीत नाही. त्याला काय मिळालं हे सांगून? काही नाही. माझ्या तोंडून एका दमात तीनदा खरं "माहीत नाही" आणि "काही नाही" निघालं, हे माझ्या लक्षात आलं. चाचांनी दुकानातलं सगळ्यात मऊ कातडं काढलं, बोटांनी ताणून उजेडाकडे धरलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाविषयी म्हणाले, "अल्ला उसके हाथ सलामत रखे."

भाता आम्ही दोघांनी दुपारी चिकटवला. कात्रीनं सांगितलेली परीक्षा अशी की भाता भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि तो किती वेळ उभा राहतो बघायचं. पूर्वी तो लगेच बसायचा. आता उभा राहिला. बायको त्याच्याकडे बघत राहिली, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी.

जिभेची वेळ आली तेव्हा मी पातं उचललं. तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं.

"तुम्ही वाचा फक्त."

मी वाचलं. तिनं पत्रा सरकवला, टोकाशी दोन ओरखडे काढले, पेटी लावली, दोन्ही सप्तकांतल्या काळी दोन एकत्र दाबल्या. आवाज फाटलेलाच. पुन्हा उघडली. पुन्हा दोन. चार-पाच खेपा झाल्यावर मधली थरथर ऐकू यायला लागली, भरभर, फडफड, पिंजऱ्यातल्या पाखरासारखी. आणखी दोन. ती संथ झाली. आता पंखासारखी, वर, खाली, वर. आणखी एक, अगदी हलका. तिनं दोन्ही पट्ट्या दाबल्या आणि ती लाट लांब, लांब, लांब होत गेली आणि थांबली. दोन सूर होते की एक, सांगता येईना.  मला जन्मभर वाटत आलं होतं की सूर जुळणं ही गळ्याची, देवाची, पुण्याईची गोष्ट आहे. तिथं दिसलं की दोन पितळी जिभा आणि एक धीर धरलेला हात, आणि लांबून कोणीतरी न बघता सांगितलेलं, एवढ्यात ते होतं. आणि तरीही ते देवाचंच वाटत होतं.

 ती पंचमावर बोट ठेवून बसली, आणि डाव्या हातानं भाता अगदी सावकाश मारत राहिली. खांद्याला हात लावला नाही.

मास्तरांना फोन गेला नाही.

मी तिथं लिहून टाकलं, काय केलं, किती ओरखडे लागले, कुठं जीभ तुटता तुटता वाचली. ह्या वेळी योग्य रकान्यात. कात्रीनं उत्तर दिलं, "आता प्रश्न पुरा झाला. पुढं कोणी आला तर त्याला इथं पाठवू." त्यावर मला झोप लागेना. आपला मूर्खपणा कोणाच्या तरी उपयोगाला पडावा, ह्यासाठी तो एवढा नीट लिहावा लागतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी ठरवलं की इथं आपण तेवढंच सांगायचं जे आपण स्वतः बिघडवलं आहे. तेवढ्यावरसुद्धा माझी पुष्कळ वर्षं निघतील.

स्पर्धेच्या दिवशी मंडपात आमच्या बाया बसल्या. मधोमध पेटी, पेटीवर माझी बायको. मी मागे, खांबाला टेकून, कोणाला दिसणार नाही पण मला दिसेल असा. मास्तर दुसऱ्या एका मंडळाबरोबर आले होते, पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. खंजिरी सुरू झाली. तिनं सा धरला आणि मी श्वास धरला. पंचम आला. सरळ, स्वच्छ, विहिरीवरून भरलेली घागर येते तसा. मास्तरांची मान किंचित वळली. पुढच्या कडव्यात पुन्हा आला, आणि पुन्हा. भाता शांत चालला होता. मी मोजत होतो.

निकालात आम्ही दुसरे आलो. पहिले कोण ते मला आठवत नाही आणि बायांनाही तेव्हा फिकीर नव्हती. त्या पेटीभोवतीच उभ्या होत्या. मास्तर आले. त्यांनी वाकून पंचमाची पट्टी एकदा दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग भात्याच्या घडीतून बोट फिरवलं, आणि नवं कातडं लागल्यावर थांबले.

"चांगला हात हाये," ते म्हणाले. "कोनाकून दुरुस्त करून आनली बाई?"

मी खांबामागून पुढं झालो. टोपी सरळ केली. मला वाटलं, आता निदान चारचौघांत माझं नाव निघेल.

बायकोनं पेटीवर फडकं टाकलं आणि मास्तरांना म्हणाली, "सांगनारं मानूस लय दूर हाये, मास्तर. बिघडवनारे हे काय, इथंच उभे हायेत."